तेलाचे शंभर ठिपके

कुवेत हा देश मी आयुष्यात सात वेळा खोडला. दाढीचं पातं मधोमध मोडायचं, त्याचं टोक फिल्मवर आडवं धरायचं आणि वाळलेली शाई हलकेच खरवडून काढायची. हात जरा जड पडला की फिल्मला ओरखडा, आणि छापताना त्या ओरखड्याची वाळवंटात एक नदी होते. अशी एक नदी मी एकदा अरबस्तानाला देऊन बसले होते. नशीब, ती छापण्याआधी आमच्या छपाईवाल्या उस्तादांच्या नजरेला पडली.

मी नकाशे काढत असे. शाळेच्या भिंतीवर टांगतात ते, मागे कापड लावलेले, वरखाली लाकडी काठी असलेले. जयपूरच्या चौडा रास्त्यावर पुस्तकांच्या दुकानांची रांग आहे, त्यातल्या एका दुकानाच्या माडीवर आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तीन टेबलं, खालून ट्यूबलाइट लावलेली एक मोठी काच आणि मागच्या खोलीत छपाईचं यंत्र. मालक कोठारीजी खाली बसत. यंत्र आणि छपाईच्या जस्ती प्लेटा उस्ताद शफींच्या ताब्यात. वर मी. वर्ध्याला आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली, लग्नानंतर नवऱ्याच्या बदलीबरोबर जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये येऊन पडलेली. नवरा मालगाडीवर गार्ड. कोठारीजींनी मला ठेवलं ते माझं देवनागरी अक्षर पाहून. जगातल्या सगळ्या देशांची नावं पुढची तीस वर्षं त्या अक्षरात राजस्थानातल्या शाळांच्या भिंतींवर लटकली, आणि माझी स्वतःची मुलं मात्र मराठी वाचताना ‘ळ’पाशी अडखळत राहिली.

नकाशा एका कागदावर काढतात असं लोकांना वाटतं. तसं नसतं. निळ्या रंगाची फिल्म वेगळी, काळ्याची वेगळी, लालाची वेगळी. प्रत्येकीवरून एक प्लेट होते आणि एकाच कागदावर त्या एकामागून एक छापल्या जातात. एखादी केसभर सरकली की किनारा एकीकडे आणि समुद्र दुसरीकडे. भारताची सीमारेषा सरकारी कार्यालयातून तपासून आणावी लागे. बाकी जग आमच्या भरवशावर होतं.

मी सांगतेय ती गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. इराण-इराकची लढाई सुरू होऊन बराच काळ झाला होता आणि रेडिओवर रोज आखाताचं नाव येत होतं. कोठारीजींच्या डोक्यात आलं की तेलाच्या नकाशांचा संच काढावा. तीन नकाशे: जमिनीखाली तेल कुठे आहे, काढतं कोण, जाळतं कोण. जून संपायच्या आत हवेत, कारण जुलैत शाळा उघडतात.

पोरांना आकडे कळत नाहीत, म्हणून मी ठरवलं की प्रत्येक नकाशावर बरोबर शंभर ठिपके द्यायचे. शंभर म्हणजे सगळ्या जगाचं तेल. मसुराच्या डाळीएवढा एक लाल ठिपका. लायब्ररीतून आणलेल्या जाडजूड पुस्तकातून मी देशादेशांचे वाटे काढले आणि पहिल्या नकाशाला हात घातला.

पहिला दिवस मजेत गेला. रशियाला ठिपके दिले, अमेरिकेला दिले, व्हेनेझुएला, मेक्सिको, लिबिया, नायजेरिया. अख्ख्या आफ्रिकेत ठिपके शोधावे लागत होते. मग पुस्तक उघडून उरलेले मोजले, तर निम्म्याहून जास्त ठिपके अजून द्यायचेच होते, आणि ते सगळे आखाताभोवतीच्या मूठभर देशांत बसवायचे होते. सौदी अरबस्तान त्यातल्या त्यात ऐसपैस. पण कुवेत! माझ्या नकाशावर कुवेत ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या वाट्याला दहाच्या वर ठिपके. एक ठिपका दिला तरी देश झाकला जात होता.

मी पेन खाली ठेवलं आणि बघत बसले. कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं, चित्र बसत नसेल तर प्रमाण चुकलंय. मी तीनदा गणित केलं. प्रमाण बरोबर होतं. जगच तसं होतं.

“उस्ताद, जरा इकडे या,” मी म्हटलं.

उस्ताद शफी हात पुसत आले. काचेवर दोन कच्च्या फिल्मा एकावर एक ठेवून मी त्यांना दाखवल्या, एक तेल असलेल्यांची, एक तेल जाळणाऱ्यांची. दुसरीवर अमेरिका लालभडक. जगात वीस माणसांमागे एक अमेरिकेत राहतो आणि शंभरातले पंचवीसच्या वर ठिपके त्यांचे. जपानच्या पोटात तेल जवळपास नाहीच, पण जाळणाऱ्यांच्या नकाशात त्याचं अंग गोवर आल्यासारखं भरलेलं. युरोपही तसाच. आणि आखाताभोवतीची ती दाट लाली दुसऱ्या फिल्मवर जवळजवळ पुसलेली.

उस्तादांनी चष्मा वर केला. “अल्लानं माल एकीकडे ठेवला आणि गिऱ्हाईक दुसरीकडे,” ते म्हणाले.

कोठारीजींचं लक्ष भलतीकडेच गेलं. “बहनजी, हिंदुस्थान रिकामा?”

“आपला वाटा अर्ध्या ठिपक्याच्या थोडा वर येतो. अर्धा ठिपका काढता येत नाही.”

“मग पूर्ण काढा! शाळेतली पोरं काय म्हणतील?”

अर्ध्याच्या वर असेल तर पूर्ण धरायचा, हा नियमच आहे. त्यामुळे देशाचा मान राहिला आणि माझं गणितही. तो एक ठिपका मी मुंबईपासून दूर समुद्रात, आपलं तेल निघतं तिथे ठेवला. पुढच्या आवृत्तीच्या वेळी पुस्तकातले आखाताचे आकडे एकदम फुगले होते. नवी विहीर कुणी खणल्याचं कुठे वाचलं नव्हतं, नुसता आकडा नवा. जमिनीखालचं तेल कुणी मापून पाहिलेलं नसतं, ते मालक सांगेल तेवढं असतं, हे मला तेव्हा कळलं. पण ते नंतरचं.

कुवेतचं मी शेवटी असं केलं की ठिपके देशाबाहेर सांडू दिले. वाळवंटात, शेजाऱ्यांकडे आणि बाकीचे आखाताच्या पाण्यावर. सगळं आखात लाल ठिपक्यांखाली गडप झालं. दिसायला झकास दिसत होतं. प्लेटा तयार झाल्या.

त्याच आठवड्यात सुगनी आली.

दुपारची वेळ. खाली कोणाशी तरी कोठारीजींची हुज्जत चाललेली ऐकू आली आणि मग त्यांनी हाक मारली, “बहनजी, ह्या बाईचं काय ते तुम्हीच बघा.” जिन्यातून एक बाई वर आली. घुंगट कपाळापर्यंत ओढलेला, पायांत चांदीची कडी, चपला हातात धरलेल्या. वय तिशीच्या आतलं. चौमूंजवळच्या एका गावातल्या शाळेत ती पाणी भरण्याच्या कामावर होती. तिथल्या भिंतीवर आमचा जगाचा नकाशा होता आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात आमच्या दुकानाचा पत्ता. तो पत्ता मास्तरांकडून लिहून घेऊन ती बसनं आली होती.

तिनं ओढणीच्या गाठीतून एक पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “म्हारो आदमी कठै छै, बताद्यो.” माझा नवरा कुठे आहे, तेवढं दाखवा.

तिचा नवरा मदनलाल फिटर होता. तीन वर्षांपूर्वी आखातात कामाला गेला. आधी बहरीनमध्ये एका कारखान्यात आणि मग तेलाच्या जहाजावर. जहाज आखातात आत जातं, तेल भरतं, बाहेर जातं, परत येतं, असं त्यानं शेवटच्या पत्रात लिहिलं होतं. त्या पत्राला चार महिने झाले होते. आणि चार महिने गावातला रेडिओ सांगत होता की आखातात तेलाची जहाजं पेटतायत.

मी मोठ्या ऐटीत नवा नकाशा काचेवर पसरला. नुकताच छापलेला नमुना. बोट नेलं आणि थांबले. तिथे दाखवायला काही नव्हतंच. बहरीन नाही, समुद्र नाही. माझे ठिपके.

“हे लाल काय?” सुगनीनं विचारलं.

“तेल आहे.”

“आणि माणसं?”

मी कपाटातून मोठा ॲटलास काढला, आखाताचं पान उघडलं आणि तिचं बोट धरून बहरीनवर ठेवलं. छोटंसं बेट. तिनं ते बोट तसंच दाबून धरलं, उचलायला तयार होईना.

“समुद्र केवढा आहे बहनजी? आमच्या तळ्याएवढा?”

“नाही गं. फार मोठा.”

“मग गोळा आला तर जहाज बाजूला होऊ शकतं ना?”

मी डिव्हायडर घेतला. दोन टोकांचं ते यंत्र नकाशावर ठेवून अंतर मोजतात. सवयीनंच मी तो सगळ्यात अरुंद जागी लावला, होर्मुझला, जिथून प्रत्येक जहाजाला बाहेर पडावंच लागतं. माप काढलं आणि तिला कळेल अशा भाषेत सांगितलं. “जयपूरहून तुमचं चौमूं, आणि वर थोडं. तेवढी रुंद वाट आहे.”

हे सांगताना मी स्वतःच चकित झाले होते. इतक्या मोठ्या जगाचं इतकं तेल आणि त्यातलं केवढं तरी एवढ्याशा वाटेनं निघतं! पण सुगनीचा चेहरा पाहिला आणि जीभ चावली. ती सकाळी त्याच रस्त्यानं बसमधून आली होती.

“एवढीच?” ती म्हणाली. “तासाभरात संपते ती.”

खरं माप सांगून पस्तावण्याची माझी ती पहिलीच वेळ. मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं आणि ट्रेसिंगचा नवा ताव घेऊन तिच्यासाठी आखाताचा मोठा नकाशा काढायला घेतला. किनारा, बेटं, गावांची नावं, जहाजांची वाट. तासभर लागला. ती समोर बसून माझ्या हाताकडे बघत होती. शेवटी ‘बहरीन’ लिहिलेल्या अक्षरांवर मी तिचं बोट ठेवून दाखवलं. गुंडाळी घेऊन निघताना ती म्हणाली, “मला वाचता येत नाही, पण बोट कुठं ठेवायचं ते कळलं.”

घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “अवं, माझ्या गाडीले कितीकदा तेलाच्याच टाक्या असतात. मागच्या डब्यातून त्यायच्याकडं बघत येतो मी. पण थे कुठून आलं, कोणाच्या हातून आलं, कधी मनातच नाही आलं.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, “तू त्या बाईले बराबर दाखवलं ना?”

दुसऱ्या दिवशी मी कोठारीजींसमोर उभी राहिले. “पहिला नकाशा असा जाणार नाही. कोपऱ्यात आखाताचा वेगळा, मोठा नकाशा टाकायचा. समुद्र दिसला पाहिजे, बेटं दिसली पाहिजेत.”

“प्लेटा तयार आहेत, बहनजी. परवा छपाई आहे.”

“मग माझं नाव... माझं अक्षर त्यावर नको.”

कोठारीजी कपाळावर हात मारून उस्तादांकडे वळले. उस्तादांनी माझ्या बाजूनं बोलायचं काही कारण नव्हतं, काम त्यांचंच वाढणार होतं. लाल, काळी, निळी, तिन्ही जस्ती प्लेटा पुन्हा वाळू आणि काचेच्या गोळ्यांनी घासून कोऱ्या कराव्या लागणार होत्या. ते म्हणाले, “घासतो. तेल दाखवायचं नि गाव झाकायचं, हे काय नकाशे झाले?”

सुगनीला दिलेल्या नकाशाची कच्ची प्रत माझ्याकडे होती. वेळ नव्हता, म्हणून मी तीच लहान करून घेतली आणि कोपऱ्यात बसवली. दक्षिण अटलांटिकच्या रिकाम्या पाण्यात आखात छान बसलं. छपाई झाली. हजार ताव दोरीवर वाळत टाकले. त्यांच्याखालून डबा घेऊन जेवायला जाताना मी सहज वर पाहिलं आणि डबा तसाच खाली ठेवला.

बहरीन आणि कतार ही नावं मी अदलाबदल करून लिहिली होती.

नकाशावाल्याच्या आयुष्यात याहून वाईट काही नसतं. कोठारीजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, “चिठ्ठ्या छापा.” मग नावांच्या बारीक पट्ट्या छापल्या, कातरल्या आणि कोठारीजी, उस्ताद आणि मी, तिघं चार दिवस डिंकाच्या वाटीभोवती बसून हजार बहरीन आणि हजार कतार चिकटवत होतो. उस्ताद मधूनच म्हणत, “दोन मुल्कांच्या जागा बदलल्या आणि एकही गोळी सुटली नाही!”

मला हसू येत नव्हतं. हजार नकाशे दुरुस्त होत होते, पण एक हजार एकावा चौमूंकडे होता. ती बाई रोज चुकीच्या जागी बोट ठेवत असणार.

रविवारी मी बस पकडली. पिशवीत पातं, शाई, पेन. चौमूंला उतरून गाव विचारत पोचले तेव्हा उन्हं चढली होती. घर दोन खोल्यांचं, पुढं कडुनिंब. खाटेवर एक माणूस बसला होता, हात मांडीवर उताणे ठेवून. आतून सुगनी धावत आली आणि मला काही विचारू न देता म्हणाली, “बहनजी, आले. आठ दिवस झाले.”

मी तिथेच ओट्यावर बसले.

मदनलालनं उठून नमस्कार केला, पण हात जुळत नव्हते. दोन्ही तळवे गुलाबी, चकचकीत, नवी कातडी आलेली. तो बहरीनमध्ये इस्पितळात होता. तिथून कंपनीनं पाठवलेलं पत्र कुठेतरी अडकलं आणि पत्राच्या आधी माणूसच घरी पोचला.

भिंतीवर माझा नकाशा लावलेला होता. मी पिशवीतून पातं काढलं तसा मदनलाल हसला. “सांगू का बहनजी, आल्या आल्या मी हिला म्हटलं, ह्यात बहरीन चुकलंय. ही मला म्हणाली, ज्यांनी काढलं त्यांना माहीत, तुम्हाला काय माहीत!”

“चुकलंय,” मी म्हटलं. “माफ कर, सुगनी.”

“मग मी इतके दिवस कोणाचं गाव दाबून धरलं होतं?” तिनं विचारलं आणि तिघंही हसलो. मी नावं खरवडून पुन्हा लिहिली. मदनलाल शेजारी उभा राहून बघत होता आणि मग तोच मला नकाशा दाखवायला लागला. इथं आम्ही भरायचो. इथून बाहेर पडायचो. जहाज किती लांब होतं सांगू? एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाला सायकलनं जायचा. तेल भरायला दीड दिवस लागायचा आणि भरता भरता जहाज पाण्यात तीन-चार मजले खाली बसायचं.

“तेल कसं असतं दिसायला?” मी विचारलं. इतके लाल ठिपके काढले होते, पण जमिनीतून येणारं तेल मी जन्मात पाहिलं नव्हतं.

“दिसत नाही ते बहनजी. जमिनीतून नळीत, नळीतून जहाजात, जहाजातून परत नळीत. हाताला कळतं फक्त. सकाळी नळीवर हात ठेवला की गरम लागते, गाईच्या अंगासारखी. दीड वर्ष मी त्याच्यावर झोपलो, जेवलो. डोळ्यांनी एकदाच पाहिलं.” त्यानं माझ्या नकाशावर समुद्रात एका जागी कोपर टेकवलं. “इथं. पाण्यावर पसरून जळताना. भरदुपारी सूर्य दिसेना इतका धूर. मागच्या बाजूला काय येऊन आदळलं, कोणी मारलं, काही कळलं नाही. आम्ही होडीत उतरत होतो, कठडा तव्यासारखा तापला होता, सोडला असता तर खाली पडलो असतो. म्हणून सोडला नाही.”

सुगनी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं हे आधी ऐकलेलं असणार, तरी ती हलली नाही.

“चौघं राहिले तिथंच,” तो म्हणाला. “त्यातला एक माझ्या खोलीतला. केरळचा.”

तो पुन्हा गेला. हात बरे झाल्यावर, दिवाळीनंतर. जहाजावर नाही, जमिनीवरच्या कामाला. इथे फिटरला काम नव्हतं आणि लहान बहीण लग्नाची होती. चार-पाच वर्षांनी कायमचा परत आला आणि सीकर रोडवर त्यानं दुरुस्तीचं दुकान टाकलं, हे मला सुगनीनंच एकदा दुकानात येऊन सांगितलं. पण त्या दिवशी यातलं काही ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी ती दोघं मला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

परतीची बस चौमूंच्या बाहेर पंपावर डिझेल भरायला थांबली. आम्ही सगळे आतच. छपरावर बाजरीची पोती, खाली बाया, पोरं, एक बकरी. मी खिडकीशी होते आणि खाली पंपावरचा माणूस नळी टाकीत खुपसून उभा होता.

“भैया, हे कुठून येतं?” मी विचारलं.

“डेपोतून.”

“त्याच्या आधी?”

त्यानं वर पाहिलं. “त्याच्या आधी? टँकरमधून, बहनजी.” आणि बाई काय विचारतेय म्हणून हसला.

मीही हसले. ते कुठून येतं ते मला ठाऊक होतं, निदान शंभर ठिपक्यांइतकं. पण कोट्यवधी वर्षं जमिनीच्या पोटात असलेलं ते काहीतरी, कोणाकोणाच्या हातांवरून, त्या चिंचोळ्या वाटेतून, पेटलेल्या पाण्याच्या कडेनं इथवर आलं होतं, आणि आता त्याच्यावर आम्ही साठ माणसं आणि एक बकरी जयपूरला निघालो होतो. ज्यांनी ते आणलं त्यांच्यातला एकही माणूस ह्या बसमधल्या कोणाला माहीत नव्हता.

कंडक्टरनं पत्रा बडवला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं तसा खिडकीचा गज थरथरायला लागला. उन्हानं तो चांगलाच तापला होता. मी त्याच्यावर तळवा ठेवला आणि चटका बसला तरी जयपूरचं चांदपोल येईपर्यंत काढला नाही.